पुराची रेघ

अमेरिकेतल्या मिसुरी नदीकाठच्या वायनऱ्यांमध्ये व्हर्लिन कूबलर कुणालाच आवडत नसे, आणि यात त्याचा फारसा दोष नव्हता. राज्याच्या मद्य खात्याचा तो तपासनीस. बाटलीवर लेबल नीट आहे का, लिहिलंय तेवढीच वाइन आत आहे का, बूच घट्ट आहे का, बाटल्यांची भरणी परवान्याच्या जागेतच झाली का, हे बघत त्यानं उभं आयुष्य काढलं. लेबलावरच्या अक्षरांची उंची मोजायला खिशात स्टीलची पट्टी असे. लोक पाठीमागे त्याला 'पट्टीवाला' म्हणत. कुणाच्या लग्नात तो हॉलमध्ये शिरला की घरच्या वाइनचे चंबू टेबलाखाली सरकत. आधी आधी त्याला याची गंमत वाटे. पुढे तो लग्नांना जाईनासाच झाला. बायको मार्लीन एकटी जाऊन यायची.

महापूर आला त्या वर्षी तो साठीला टेकला होता. नदी ओसरली आणि वरून हुकूम आला. ज्या बाटलीला पुराचं पाणी लागलं ती विकायची नाही, तपासनिसाच्या समोर फोडायची. घाण पाणी बुचाच्या कडेनं आत झिरपतं, बाहेरून कळत नाही. हुकूम बरोबर आहे हे व्हर्लिनला पटत होतं, आणि तेच जास्त जड जात होतं. चुकीचा असता तर निदान चिडता आलं असतं.

तेव्हापासून तो रोज बाटल्या फुटताना बघत होता. कुणी शिव्या घालायचं, कुणी तोंड फिरवून उभं राहायचं. एकानं तर अख्खी बाटली त्याच्या बुटांवर ओतली. त्यानं बूट पुसले आणि पुढची बाटली मोजली. भांडायला अंगात त्राण लागतं.

अशातच तो ओडेला रूवेकडे पोचला. ओडेला म्हणजे त्याच्या शाळासोबत्याची, हार्लनची, बायको. हार्लन आदल्या वर्षी हृदयविकारानं गेला. आता ती आणि तिचा म्हातारा दीर नॉर्बर्ट मिळून वायनरी रेटत होती.

"या साहेब," ती तळघराच्या दारातच म्हणाली. "कॉफी घेणार, का तीही मापात लागते?"

"घेतो की."

"कॉफीच्या मगाला लेबल लाव आधी," नॉर्बर्ट आतून ओरडला. "नाहीतर पट्टीवाला तोंड लावायचा नाही."

तळघरात चिखलाचा कुबट वास होता. भिंतीला लागून पाच फळ्यांची मांडणी, तिच्यावर नॉर्टन द्राक्षाच्या वाइनच्या बाटल्या आडव्या रचलेल्या. एकीवरही लेबल नव्हतं.

"पाणी खालच्या दोन फळ्यांपर्यंतच आलं," ओडेला भराभर बोलली. "वरच्या तिन्ही कोरड्या होत्या. लेबलं दमट हवेनं सुटली. नवी लावायची परवानगी दे, झालं."

व्हर्लिननं बॅटरी भिंतीवर फिरवली. त्या खोऱ्यातल्या प्रत्येक भिंतीवर पाण्यानं तपकिरी रेघ मागे ठेवली होती. इथं मांडणीमागची भिंत पांढरीशुभ्र होती.

"चुना कधी मारलास?"

"परवा. बुरशी धरते म्हणून."

"बाकीच्या भिंतींना नाही धरत?" त्या नुसत्या खरवडून पुसलेल्या होत्या.

"मी म्हटलं होतं," नॉर्बर्ट पुटपुटला, "मारायचा तर चारींना मार."

ओडेला पायरीवर बसली. "हार्लनच्या हातची शेवटची भरणी आहे ही. रडगाणं गात नाही मी. पण हे ओतून दिलं की विकायला उरलं काय?"

मांडणीच्या मागच्या लाकडाकडे एक नजर टाकली असती तर पाण्याच्या डागांनी खरं काय ते दाखवलं असतं. न बघता सही केली असती तरी कुणी विचारायला येणार नव्हतं. व्हर्लिननं बॅटरी बंद केली.

"मी मागे जाऊन बघत नाही. तू सांगशील तिथपर्यंत पाणी आलं होतं असं लिहितो."

"म्हणजे पाप माझ्या गळ्यात!"

"हो. मी दमलोय, ओडेला. आता माझ्याच्यानं कुणाला पकडवत नाही."

तिनं रचलेल्या बाटल्यांवरून एकदा नजर फिरवली. मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली.

"पहिली पेटी चर्चच्या जेवणाला जाते दर वर्षी," ती म्हणाली. "म्हणजे तुझी मार्लीनच पिणार." तिनं छातीच्या उंचीवर हात धरला. "इथवर आलं होतं. खालून चौथी फळी अर्धी बुडाली."

"अर्धी बुडाली म्हणजे..."

"कळतं मला. सगळी गेली."

मागच्या अंगणात चर खणून तिघं कामाला लागली. व्हर्लिननं कोट काढला आणि हातोडी उचलली.

"तू नुसतं बघायचं असतं ना?" ओडेलानं विचारलं.

"बघतोच आहे."

गोड आंबूस वासावर गांधीलमाश्या जमल्या. दुपारी ओडेलानं सॉसेज आणि बटाट्याचं सॅलड आणलं. ट्रकच्या मागच्या उघड्या फळकुटावर बसून तिघं जेवली.

वरची एक फळी तेवढी वाचली. तिच्या नव्या लेबलांना मंजुरी मिळवायला व्हर्लिन हिवाळाभर राजधानीला फोन करत राहिला. मंजुरी आली तशा त्या बाटल्या लगेच खपल्या. पण तेवढ्यावर वायनरी चालेना. ओडेलानं परवाना परत केला, मळा शेजाऱ्याला कसायला दिला आणि शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी धरली. व्हर्लिन त्याच वर्षी निवृत्त झाला.

पुढे एकदा किराणा दुकानात दोघांची गाठ पडली. दिवसभर उभं राहून पाय सुजतात, ती म्हणाली. मुलं मात्र चांगली आहेत, ताटात काही टाकत नाहीत. नॉर्बर्ट अजून रोज सकाळी सवयीनं तळघरात उतरतो, आत काही नसताना. व्हर्लिन ऐकत उभा राहिला. त्याच्या ढकलगाडीतलं आइस्क्रीम पाझरायला लागलं, तरी दोघांपैकी कुणीच निघायचं नाव काढलं नाही.