तेहतीस हजारांवर थांबायचं होतं

आज झरीच्या शेतात बांधावर टेकलो, तर वर विमानांच्या दोन पांढऱ्या रेघा एकमेकींना छेदून गेलेल्या दिसल्या आणि ती दुपार आठवली. तेव्हा मी सहवैमानिक होतो. दिवसातलं चौथं उड्डाण, डोळे चुरचुरत होते, कॉकपिटमध्ये गार झालेल्या कॉफीचा वास होता. जमिनीवरच्या कंट्रोलनं सांगितलं होतं, तेहतीस हजार फुटांवर थांबा. कॅप्टननं ऑटोपायलटवर चुकून चौतीस हजारांचा आकडा लावला. त्यावर बोट ठेवून तो मोठ्यानं वाचायचं काम माझं; मी कागदातून मान वर न काढताच म्हणालो, "बघितलं." थोड्या वेळानं धोक्याचा इशारा घुमला, कॅप्टननं विमानाचं नाक खाली दाबलं आणि समोरून आलेलं विमान डोक्यावरून इतक्या जवळून गेलं, की त्याचं पांढरं पोट स्पष्ट दिसलं. कुणाला खरचटलंही नाही. उतरल्यावर कॅप्टननं हळूच विचारलं, "तू खरंच बघितलं होतंस ना?" मी म्हणालो, "हो." आता उडणं कधीच सुटलंय. आत्ता वडिलांनी विचारलं, "विहिरीवरली मोटार बंद केलीस का रं?" "हो," म्हणालो, आणि उठून ती खरंच बंद आहे का ते बघायला निघालो.