मोतीला न दिलेलं अंडं

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. आमच्या शाकाहारी घरात कुत्र्याला अंडं देऊ न देणारा मीच, आणि ऑफिसखालच्या गाडीवर रोज ऑम्लेट-पाव खाणाराही मीच.

आज त्याच गाडीवाल्याने उकडलेलं अंडं कुस्करून रस्त्यावरच्या काळ्या कुत्रीपुढे ठेवलं. तिच्या पाठीवरून ऊन घसरत होतं. "साहेब, आधी नुसती खरूज होती अंगावर. आता बघा, हिरॉइन झालीय!" तो हसला. मला माझाच संताप आला.

आमचा मोती दूध-पोळीवर जगला. केस गळले, कातडी लाल झाली, जखमा चिघळल्या. डॉक्टर म्हणाले, "अंडं सुरू करा." मी म्हणालो, "आमच्यात चालत नाही." केवढा तोरा! संध्याकाळी घरी आलो की मोती माझी ऑम्लेटच्या वासाची बोटं चाटत बसायचा. मी ते प्रेम समजायचो. प्रेम कसलं, भूक होती ती! स्वतःचं सोवळं मिरवायला एखादं मुकं जनावरच कसं सापडतं आपल्याला?

बायको त्याला रोज खोबरेल चोळायची. तो गेला तेव्हा म्हणाली, "माझंच काहीतरी चुकलं हो." तिचं काहीच चुकलं नव्हतं, हे तिला सांगणं अजून बाकी आहे.