खुंट धरून उभा असलेला माणूस

कार्तिक सरला की अकोल्यातल्या माझ्या घरामागची जिनिंग सुरू होते आणि सरकीचा तो कोमट, तेलकट, किंचित खवट वास भिंत ओलांडून थेट माझ्या अंथरुणाशी येऊन बसतो. इतरांना या वासानं म्हशी आठवतात, पेंड आठवते, कापसाचा भाव आठवतो. मला दात आठवतात. माझे नव्हेत, दुसऱ्याचे. फाल्गुनातल्या रखरखीत उन्हात, सांडलेल्या सरकीत पडलेले, आणि इतके सरकीच्या रंगाचे, की ते वेचायला बसलेल्या हमालानं आधी ओंजळभर सरकीच गोळा केली होती. हे मी सांगू लागलो की घरातल्या सुना पदर तोंडाशी नेतात आणि मामंजींचं आता वय झालं म्हणतात. वय झालं हे कबूल. पण दात खरे होते.

ते दिवस तुम्ही पाहिले नाहीत म्हणून सांगतो. सातासमुद्रापार अमेरिकेत भावाभावांची लढाई जुंपली, तिथला कापूस अडला आणि विलायतेतल्या गिरण्या आमच्या वऱ्हाडाच्या काळ्या मातीकडे आ वासून पाहू लागल्या. माणसं तिकडे मरत होती आणि श्रीमंत आम्ही होत होतो. लोकांनी गाड्यांच्या चाकांना चांदीच्या धावा ठोकल्या म्हणतात, त्यात नवल ते काय? माझ्या बापानं बैलाला चांदीचे दात बसवायचं ठरवलं होतं. बैलच तयार झाला नाही. बैल हटून बसला तेव्हा तो पैसा माझ्यावर लावायचं ठरलं. दर्यापूरकडच्या आमच्या खेड्यातून मला उचलून अमरावतीच्या सरकारी शाळेत घातलं. मला मिसरूड फुटलं होतं, आणि वर्गातली पोट्टी माझ्या कमरेला लागत होती. मी बाकावर बसलो की पलीकडच्या टोकाची दोन पोट्टी हवेत जात.

शाळेचे मास्तर देशावरून आलेले. अंगावर मांस म्हणाल तर नाकावर होतं तेवढंच. पण निरगुडीची छडी त्यांच्या हातात आली की तिला सात टोकं फुटत. त्यांच्या मारण्याला एक शिस्त होती: आधी शिव्या, मग छडी. शिव्या विद्यार्थ्यापासून सुरू होत, बापाकडे जात, आजाकडे जात, आणि पणज्याचा उद्धार झाला की आम्ही ओळखायचं, आता येते. तेवढ्यात पाठ आवळून, दात चावून तयार राहता येई. पणजा हा आमचा पहारेकरी होता. तरी मी रोज मार खाई, कारण माझं लक्ष फळ्यावर नसे, हातात असे.

हाताचं असं, की आमच्या गावात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नाल्याच्या दोन तीरांवर दोन गावं उभी राहत आणि सूर्य उगवल्यापासून एकमेकांना दगड मारीत. मधोमध पाण्यात पळसाचा खांब रोवलेला. तो जो उपटून आणील त्याचं गाव वर्षभर ताठ मानेनं चालणार. त्यामुळे कायदा एकच: ज्यानं खांबाला हात लावला, त्याला सगळ्यांनी मिळून मारायचं. पळता माणूस सोडला तरी चालेल, पडला तर त्याला पाणीही पाजू, पण खांब धरून उभा असलेला माणूस हा आमच्या लेखी माणूस नव्हताच, तो निशाण होता. मी दुधाच्या दातांपासून त्या नाल्यावर वाढलो. माझ्या दगडानं कपाळ फुटलेली माणसं पुढे सोयरिकीच्या बैठकीत ती खोक मिरवीत. मी ज्वारीवरचा पोपट मारत नसे. तो ज्या दाण्यावर चोच टाकणार तो दाणाच आधी उडवत असे. पोपट लाजून जात.

शाळेशेजारी कापसाचं मोठं आवार होतं. तिथे सरकी काढायच्या यंत्रावर एक अमेरिकन साहेब आला होता, आपल्या मुलुखातली लढाई चुकवून. केस मक्याच्या कणसासारखे, हिंदुस्तानी खडीसारखी. एक दिवस आवारात दोन गाडीवानांची जुंपली. एकानं कुऱ्हाड उगारली, दुसऱ्याची मान खाली होती आणि मध्ये पडायला कुणी धजेना. मी शाळेच्या भिंतीवरून मातीचं ढेकूळ फेकलं. कुऱ्हाड त्याच्या हातातून सुटली आणि अशी उडाली, की संध्याकाळी बडनेऱ्याला सापडली. साहेब यंत्र सोडून धावत आला, माझा दंड चाचपला आणि म्हणाला, "तुम आदमी नहीं, तोप है."

मग त्यानं आपल्या गावाकडचा खेळ सांगितला. सुतळीचा गुंडा करून वर कातडं शिवलेला चेंडू. एकानं तो दांडक्यानं टोलवायचा आणि चार खुंटांना फेरी घालून यायचं. धावताना दुसऱ्या पक्षानं चेंडू फेकून त्याला हाणलं की तो बाद. खुंटाला हात लावून उभा राहिला, की मात्र त्याला कुणी मारायचं नाही. म्हणजे आपली आबाधुबीच, फक्त मिशावाल्यांची. साहेब म्हणाला, तिकडे हा खेळ बघायला गावं लोटतात, चांगल्या हाताला खेळाच्या मंडळ्या गुपचूप पगार देतात, लढाई संपली की उघड देतील. तो मला घेऊन जाणार होता.

घरी ही गोष्ट काढली तेव्हा बाप हुक्का विसरला. "तिकडं जाऊन करन काय हा?" मी म्हटलं, चेंडू मारीन. "लोकाईले?" हो. "अन् त्याचा पगार?" हो. बापानं बोटांवर हिशेब घातला. "मंग इथं इतकी वर्सं फुकट काहून मारून राह्यला बे?" माय चुलीपाशी होती, ती वळलीसुद्धा नाही. "शाळेत मारते तो एकटा मास्तर. नाल्यावर मारते अख्खं गाव. अन् तिकडं तं म्हणे मुलूखच एकमेकाले मारून राह्यला. मार खायाचीच हौस असंन तं घरी मी हावो ना." मला जायचं होतं. परीक्षा पास झालो तर जन्मभर कुठल्याशा कचेरीत मान मोडून बसायचं. तिकडे गेलो तर हाणल्याबद्दल लोक टाळ्या वाजवणार. तुम्हीच सांगा, तराजूचं कुठलं पारडं खाली जाईल?

धुळवडीच्या दिवशी आवार बंद होतं. साहेबानं चार खुंट ठोकले, हमाल आणि गाडीवान दोन्हीकडे वाटले आणि खेळ मांडला; मी फेकणाऱ्यांत होतो. तेवढ्यात मास्तर मला शोधत आले. अंगावर रंगाचा थेंब नाही; त्यांच्यावर रंग टाकायची कुणाची छाती? ते म्हणाले, "साहेब, हा मुलगा परीक्षेला बसायचा आहे. त्रैराशिक त्याला येतं. फक्त येतं हे त्याला ठाऊक नाही." साहेब हसला. "मास्टर, हमारा एक आदमी कम है. तुम खेलो. चार खुंटा घूमके आया, लौंडा तुम्हारा. गोला लगा, लौंडा हमारा." मला कुणी विचारलं नाही, बाजारात बैलाला कोण विचारतो? मास्तरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, छडी भिंतीला टेकवली आणि म्हणाले, "धोतर खोचायला वेळ द्या."

त्यांनी दांडकं फिरवलं ते डोळे मिटून. चेंडू कडेला लागला आणि गाठींच्या थप्पीखाली गेला. हमाल पालथे पडून त्याला शोधीपर्यंत मास्तर दुसऱ्या खुंटापर्यंत पोचले होते. चेंडू माझ्या हातात आला तेव्हा ते तिसरा खुंट ओलांडून चौथ्याकडे निघाले होते, धोतर सुटत होतं, शेंडी उभी होती. मी मारला. त्याच क्षणी त्यांचा पाय धोतरात अडकला, ते सपाट झाले, चेंडू शेंडीवरून गेला आणि मागच्या पाणक्याची घागर फोडून परत माझ्या हाती आला. मास्तर उठले. रांगत, धडपडत, गुडघे फोडून घेत ते चौथ्या खुंटाशी पोचले आणि त्याला दोन्ही हातांनी मिठी मारून उभे राहिले. ते हसत होते. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. दात सुरेख होते.

ते जिंकले होते हे मला समजलं होतं. कायदा मी ऐकला होता, पाठही झाला होता. पण तो माझ्या कानांनी ऐकला होता. हाताला कुणी सांगितला नव्हता. हात नाल्यावर वाढलेला. त्याला दिसलं एवढंच, की खांब आहे आणि खांब धरून माणूस उभा आहे. चेंडू गेला तो मला जाताना दिसलाही नाही. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला आणि मास्तर खुंटासकट सांडलेल्या सरकीत आडवे झाले.

पुढचं काय वर्णावं? मास्तरांवर पैज लावणारे हमाल माझ्या अंगावर आले, माझ्यावर लावणारे गाडीवान त्यांच्यावर गेले. गाड्यांच्या उभाऱ्यांचे दांडके उपसले गेले, गाठी फुटल्या, आवारात कापसाचा असा धुरळा उठला की कोण कुणाला हाणतो ते हाणल्यावरच कळे. साहेब मध्ये उभा राहून "आउट नहीं, आउट नहीं" ओरडत होता आणि ज्याच्या त्याच्या कानफटात देत होता. धुळवडीचा रंग किती आणि रक्त किती, हे तिसऱ्या दिवशीच्या आंघोळीत कळलं. मास्तरांना कापसाच्या बोऱ्यावर घालून नेलं. हाडवैद्यानं जबडा पागोट्याच्या पट्टीनं डोक्याशी आवळून बांधला आणि सांगितलं, बोलायचं नाही, चावायचं नाही, ताक प्यायचं.

चार दिवसांनी मास्तर शाळेत हजर. तोंडाभोवती पट्टी, हातात छडी. आणि तेव्हा आम्हाला कळलं की आपण किती सुखात होतो. शिव्या बंद झाल्या होत्या. बाप नाही, आजा नाही, पणजा तर नाहीच. छडी एकदम वरून, वीज पडावी तशी. ते मागून येत तेव्हा पावलांचाही आवाज नसे. पोट्ट्यांच्या पाठी सोलून निघाल्या. मधल्या सुट्टीत सगळी माझ्याभोवती जमली. एक म्हणाला, "भाऊ, तूच बोल ना बाप्पा त्याईच्या वाटचं. मुक्यानं मारते तं अंदाजच येत नाई." दुसरा म्हणाला, "तोंड तूच फोडलं. आता तूच दे त्याईले तोंड."

तेव्हापासून मी मास्तरांच्या शेजारी उभा राहू लागलो. त्यांनी कुणाकडे रोखून पाहिलं की मी त्याच्या बापापासून सुरुवात करी आणि पणज्यापर्यंत नीट क्रमानं जाई. मास्तर थांबत. मीही गडी असा, की शेवटी खापरपणजाही जोडून देई, तेवढीच पाठ आवळायला सवड. मग त्यांनी फळ्याकडे बोट केलं की मी तेही बोलू लागलो. ते खडूनं गणित मांडत, मी सांगत असे. एकदा त्यांनी अर्धंच गणित मांडलं आणि खोकल्याची उबळ आली म्हणून खाली बसले. मी मात्र बोलतच गेलो. इतके मजूर इतक्या दिवसांत इतका कापूस वेचतात, तर... आणि उत्तर माझ्या तोंडातून बाहेर पडलं तेव्हा वर्गातलं एक पोट्टं "हो ना!" म्हणालं. मागे वळून पाहिलं तर मास्तर माझ्याकडे बघत होते आणि छडी मांडीवर आडवी ठेवलेली होती. नाल्यावर माझ्या दगडानं एका वेळी एक माणूस पडे. इथे एका वाक्यानं अख्खी रांग मान वर करून पाहत होती. मारण्याचा हा प्रकार मला नवा होता.

चैत्र संपता संपता बातमी आली की तिकडची लढाई थांबली. कापसाचा भाव असा कोसळला, की आवाज दर्यापूरपर्यंत ऐकू गेला. चांदीच्या धावा रातोरात उतरल्या. यंत्र बंद पडलं आणि साहेब आगगाडी गाठायला निघाला. त्याची गाडी शाळेच्या दारात उभी राहिली, मागच्या बाजूला एका माणसाची जागा सोडलेली. तो खाली उतरून मास्तरांसमोर उभा राहिला, टोपी काढली. "बाजी हम हारा, मालूम है. फिर भी पूछता."

मास्तरांनी पट्टी सोडली. हनुवटी डावीकडे सरकलेली, चेहरा कुणीतरी चुकीचा जोडल्यासारखा. त्या तोंडातून कितीतरी दिवसांनी आलेला पहिला शब्द होता, "जा." मग जीभ घोळवत, एकेक अक्षर शोधत ते म्हणाले, "तिकडे तुला बघायला माणसं येतील. इथे कोण येणार आहे?"

मी दाराकडे पाहिलं, गाडीतल्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. हात शिवशिवत होता, खोटं कशाला बोलू? पण वर्गातली रांग मान वर करून माझ्याकडे पाहत होती. मास्तरांना तोंड परत मिळालं होतं, म्हणजे त्यांच्या वतीनं बोलणारं माझं तोंड जायचं होतं. उद्या मी कुठल्याही मुलुखात असलो तरी कुणालाही हाणू शकणार होतो. तसं अर्धवट गणित मात्र तिथे माझ्यासाठी कुणी मुद्दाम सोडून ठेवणार नव्हतं. मी साहेबाला म्हटलं, "परीक्षा झाली की बघू, साहेब." साहेब खो खो हसला. लढाया चुकवत हिंडलेला माणूस तो. नकार कसा ओळखायचा ते त्याला कळत होतं. गाडी गेली. परीक्षा झाली. साहेबाचा पत्ता ना मी विचारला, ना त्यानं दिला.

नंतर मी अकोल्याला मास्तर झालो, तोंडानं मारून पोट भरलं. परवा एक जुना विद्यार्थी सांगत होता, त्या मुलुखात आता फेकणाऱ्या माणसाला राजासारखं ठेवतात म्हणे. मी ऐकून घेतलं. अमरावतीला गेलो की मास्तरांकडे जात असे. फार म्हातारे झाले होते, जेवताना डावीकडून ताक सांडे, आणि त्याबद्दल एका अक्षरानं ते मला कधी बोलले नाहीत. बसलो की मात्र ते हात लांबवत आणि बैलाचा खांदा पाहावा तसा माझा उजवा खांदा अंगठ्यानं दाबून पाहत. विचारत, "अजून आहे का रे?" तो खांदा केव्हाच आखडला होता, वरच्या फळीवरचा डबा काढायचा तर डाव्या हातानं काढावा लागे. मी म्हणे, आहे मास्तर, आहे तसाच आहे. ते मान डोलवत, पण अंगठा काही वेळ तिथेच राही. पैज त्यांनी जिंकली होती, जबडा त्यांचा गेला होता, आणि तरी इतक्या वर्षांनी हिशेब तेच तपासत होते, की आपण या पोराचं काय घेतलं.

मास्तर जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. विचारणारं कुणी उरलं नाही. म्हणून कधी कधी, घरात कुणी बघत नसलं की, मीच आपला खांदा दाबून पाहतो, आणि कुणी न विचारताच म्हणतो, आहे.