कमलमावशीचं फ्रेंच जेवण

कमलमावशी स्वयंपाक चाखून बघत नसे. पातेल्यावर वाकायची, डोळे मिटून वाफ नाकात घ्यायची आणि ठरवायची, मीठ झालं की नाही. कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीच्या गेस्ट हाऊसमध्ये ती नऊ वर्षं कंत्राटावर स्वयंपाक करत होती. पाहुण्यांचं अन्न स्वयंपाकघरातल्यांनी चाखायचं नाही, असा तिथल्या सुपरवायझरचा नियम होता. तो ऐकून माझं डोकं फिरलं. माझे वडील, आप्पा, त्याच कंपनीत कामगार. घरात युनियनच्या पत्रकांचे गठ्ठे असत. मी वाचायला शिकलो तो त्यांच्यावरच, आणि पुढे ती लिहूही लागलो.

"मावशी, यावर पत्रक काढतो," मी म्हणालो.

"काढ की. पर नियम त्यांचा हाय, सवय माझी हाय. माझ्या आईनं निवद कवा चाखू दिला न्हाई. चाखलं की उष्टं झालं." मग हसून म्हणाली, "आन् लेखका, पत्रकात मीठ किती घालायचं ते तरी कळतंय का तुला?"

गेस्ट हाऊसमध्ये नव्या प्लँटच्या कामासाठी फ्रान्सचे इंजिनिअर येऊन राहत. त्यांतल्या एका बाईंनी मावशीला हातवारे करकरून तिकडचे पदार्थ शिकवले. बाई चाखायच्या, मान हलवायच्या. मावशी वास लक्षात ठेवायची. कांद्याच्या सूपचं तिला फार कौतुक. "आपलं कांद्याचं कालवणच की ते. फकस्त घाई न्हाई. कांदा तासभर परतायचा. तासभर! आपल्याकडं तेवढ्यात सासू तीनदा डोकावून गेली असती."

पण पदार्थांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं तिला नवल वाटायचं. "एकेक जिन्नस येतो, समदे बरोबर खात्यात. आन् घरी ज्यानं रांधलं, तो बी बसतो म्हणं टेबलाला. त्या बाईंचा नवरा वाढतो. खोटं कशाला सांगतील?"

मागच्या वर्षी गेस्ट हाऊसचं कंत्राट पुण्याच्या एका केटररकडे गेलं. मावशीला महिनाअखेरीपर्यंतच काम होतं. मी पत्रकाचा मसुदा घेऊन तिच्या खोलीवर गेलो. तिनं तो वाचला नाही.

"नऊ वर्षं रांधलं, पर कसं लागतं ते म्हाईत न्हाई मला," ती म्हणाली. "एकदा माझ्या घरी तसं टेबल मांडणार हाय मी. रांधीन मीच. पर बसणार. गरम गरम, पहिल्या जिन्नसापासनं शेवटपर्यंत. वाढायचं तू."

मी तत्काळ हो म्हणालो. ही खरी समता, असंही म्हणालो.

"ते राहू दे. पळी धरता येती का?"

ठरल्या रविवारी संध्याकाळी तिनं मंडपवाल्याकडून टेबल आणि खुर्च्या आणल्या. टेबलावर पांढरी चादर, काचेच्या ग्लासांत कोकम सरबत. आप्पा आले होते, गेस्ट हाऊसच्या झाडूकाम करणाऱ्या दोघी आल्या होत्या, शिरूरहून एसटीनं तिची सून सुनीता आली होती. मावशी नवं लुगडं नेसून टेबलाच्या टोकाच्या खुर्चीवर बसली. मी सूप वाढलं. वर भाजलेल्या पावाचा तुकडा, त्यावर चीज.

कुणी खाईना. सगळे हात मांडीवर ठेवून बसले. आपल्याकडे ताट पूर्ण वाढून झाल्याशिवाय कोण हात लावतं?

"कालवण आलं," आप्पा म्हणाले, "भाकरी कवा येणार?"

"आप्पा, एवढंच हाय आत्ता. बाकीचं मागनं," मावशी म्हणाली. "खावा, गार होईल."

मी तिथं बोलायला नको होतं. पण समोर पाच माणसं न खाता बसलेली होती आणि माझ्या हातात पळी होती. रांधणाऱ्यानं जेवायला का बसायचं, हे मी समजावून सांगू लागलो. श्रम, अन्न, बाई, कंत्राट. मी चांगलं बोललो. मी बोलतोय म्हणून पुन्हा कुणी चमचा उचलला नाही. मावशीनंही नाही, पाहुण्यांच्या आधी ती कशी खाणार?

थोड्या वेळानं ती उठली. "समद्यांचं गार झालं. द्या, गरम करून आणते." तिनं माझ्या हातातली पळी घेतली. मी बोलत राहिलो. ती पुन्हा बसली नाही. गरम सूप तिनंच वाढलं, मग थराची वांग्याची भाजी, मग जॅम लावलेली पातळ धिरडी. तिच्या खुर्चीवर कुणीतरी टॉवेल ठेवला. सगळ्यांनी छान झालंय म्हटलं. मीही त्यांच्यात बसून जेवलो आणि तेच म्हटलं.

पाहुणे हात धुवायला बाहेर गेले, तेव्हा मी स्वयंपाकघरात डोकावलो. ओट्यापाशी उभी राहून ती तिच्या वाटीतलं पहिलंच, गार झालेलं सूप पीत होती. एक घोट घेऊन थांबली.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली. "म्हंजी म्हणून ती मिठाची बाटली असती व्हय त्यांच्या टेबलावर! नऊ वर्षं कुणी बोललं न्हाई बघ." मग माझ्याकडे पाहिलं. "तू तरी सांगायचं."

मला ते जाणवलंच नव्हतं. मी काय खाल्लं, हेही मला आठवत नव्हतं.

महिना संपल्यावर ती मुलाकडे शिरूरला गेली. चार महिन्यांनी आप्पांना फोन आला. झोपेतच गेली. मला रडू आलं नाही. तिच्यावर लिहायला कागद घेतला, आणि तो तसाच राहिला. पत्रकांतली सगळी वाक्यं मला येत होती. त्यांतलं एकही तिच्याबद्दल नव्हतं.

तेराव्याला शिरूरला गेलो. पंगती उठत गेल्या. शेवटी बायकांची पंगत बसली, तरी सुनीतावहिनी वाढतच होती. मी तिच्या हातातली आमटीची बादली घेतली.

"वहिनी, बसा तुम्ही."

"असं कुठं असतंय व्हय? तुम्ही पाव्हणं."

याला माझ्याकडे पुष्कळ उत्तरं होती. मी फक्त बादली परत दिली नाही. शेवटी ती बसली. एक गुडघा वर ठेवून, कधीही उठता येईल अशी. मी भात वाढला, वर गरम आमटी ओतली. तिनं घास घेतला.

"मीठ बरोबर आहे?" मी विचारलं.

ती आधी नुसती मान हलवणार होती. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "जरा कमी हाय."

मी मीठ आणायला आत गेलो.