दोर भाऊंच्या हातात

लेखन हा माझा प्रांत नव्हे. जन्मभर इतरांनी लिहिलेले शिकवीत आलो. स्वतःविषयी सांगावे असे माझ्या हातून फारसे काही घडलेले नाही. तरीही हे धाडस करतो आहे, त्याबद्दल वाचकांची आधीच क्षमा मागतो.

चाळिशी ओलांडल्यावर मी भिंत चढायला शिकलो. ऐंशीचे दशक नुकतेच सुरू झाले असावे. रेल्वेत नोकरीला असलेला एक तरुण हिमालयात गिर्यारोहण शिकून आला होता. नागपुरात कडे कुठून आणायचे? त्याने बंद पडलेल्या एका कापसाच्या जिनिंगचे गोदाम मिळवले, आतल्या उंच भिंतीतल्या काही विटा खोदून काढल्या, काही अर्ध्या बाहेर येतील अशा बसवल्या, आणि रविवारी सकाळी तेथे वर्ग भरू लागला.

त्यात माझे नाव घातले ते थोरल्या भावाने. वडील गेल्यावर शाळा सोडून भाऊ मिरचीच्या दुकानात बसले आणि त्यांनी मला शिकवून प्राध्यापक केले. पण माझा बुजरेपणा त्यांना कायम सलत असे. ‘‘कॉलेजातले पोट्टे तुले भेत नाही, तूच त्यायले भिऊन राहिला,’’ ते म्हणाले. ‘‘चाल. मी दोर धरतो.’’

दोराचे एक टोक चढणाऱ्याच्या कमरेला बांधलेले असे. तेथून तो छताच्या लोखंडी तुळईवरून खाली येई आणि जमिनीवर उभ्या असलेल्या सोबत्याच्या कमरेभोवती फिरून त्याच्या मुठींत जाई. चढणारा निसटला, तर त्या मुठींनी त्याला तोलायचे. ‘‘धरलं?’’ असे खणखणीत आवाजात विचारावे आणि ‘‘धरलं’’ असे उत्तर आल्याखेरीज पाय उचलू नये, हा शिक्षकाचा दंडक होता. मला ते विचारणे जड जाई. आमच्या घरात भाऊंचा शब्द पारखून घेण्याची रीत नव्हती.

एका रविवारी भिंतीच्या मध्यावर माझा पाय विटेवरून सरकला. बोटांवर कसाबसा तोल सावरला आणि मी खाली पाहिले. भाऊंच्या उजव्या तळव्यावर दोर नुसता टेकलेला होता. त्याभोवती बोटे मिटलेली नव्हती. मिटवण्याचा प्रयत्न ते करीत होते, हेही वरून दिसले.

‘‘काहून थांबला गा, मास्तर?’’ ते ओरडले. ‘‘मी धरून राहिलो ना!’’

बाकीचे हसले. मी ‘‘हो भाऊ’’ म्हणालो आणि एकेक वीट चाचपत उतरलो.

त्या संध्याकाळी मी वहिनींना स्वयंपाकघरात गाठले. त्या बराच वेळ तवा पुसत राहिल्या. ‘‘शर्टाची बटनं मीच लावून देते आता,’’ त्या म्हणाल्या. ‘‘डॉक्टर म्हणे, आधी हात जातीन, मंग पाय. औषध नाही. तुमाले सांगू नको म्हणाले होते. रविवारी मात्र पहाटेच उठून बसतात, भाऊजी. माह्या भावाचा दोर मी धरतो म्हणतात.’’

शिक्षकाला एक शब्द सांगितला असता तर दोर दुसऱ्या कुणी धरला असता. घरी माझ्या दोन लहान मुली होत्या. दर रविवारी भिंतीला हात लावताना त्या डोळ्यांसमोर येत. तरी मी बोललो नाही. दोर नाहीच असे धरून चढू लागलो. भार टाकण्यापूर्वी प्रत्येक वीट दाबून पाहावी, दोन्ही हात पक्के झाल्यावाचून पाय हलवू नये, अशी सवय लागली. भीती गेली नाही. ती अंगी मुरली आणि तिच्यामुळेच मी बरा चढू लागलो.

‘‘प्राध्यापक कधी घसरत नाहीत,’’ शिक्षकाने एकदा सर्वांसमोर म्हटले.

‘‘अन् दोर कोण धरते, ते नाही सांगत!’’ भाऊ म्हणाले. इतके प्रसन्न मी त्यांना दुकानातही पाहिले नव्हते.

हिवाळ्यात त्यांचा हात खांद्यापासूनच लुळा पडला. गाठ सारखी करण्याच्या निमित्ताने मी दोर त्यांच्या कमरेभोवती घेतला आणि त्यांचा तळवा उचलून त्यावर ठेवला. तो थंड होता. मग नियमाप्रमाणे, आणि पहिल्यांदाच मोठ्या आवाजात, मी विचारले, ‘‘धरलं?’’

भाऊंनी दोराकडे पाहिले.

‘‘धरलं. जा.’’

मी तुळईपर्यंत गेलो. वरून पाहिले, तेव्हा ते माझ्याकडे नव्हे, आपल्या हाताकडे पाहत होते.

पुढच्या रविवारी ते उठले नाहीत. पाय गेले, मग बोलणे गेले. बोलता येत होते तोवर आम्ही दोघांनीही तो विषय काढला नाही. आपल्या हातून मला तोलले जाणार नाही, हे ठाऊक असूनही त्यांनी मला वर जाऊ दिले असेल का, या विचारापाशी मी अजूनही फार वेळ थांबत नाही.

माझ्या जागी तुम्ही असता, तर दोर त्यांच्या हातून काढून घेतला असता का?