ब्लाऊजपिसांचे मास्क आणि कांबळे गुरुजी

कोरोना गेला, पण आमच्या गल्लीतले त्याचे किस्से काही जात नाहीत. ओट्यावर भाजी निवडायला बसले की एकेक आठवतो. माझ्या नजरेतून फारसं काही सुटत नाही. लोक याला भोचकपणा म्हणतात. म्हणोत बापडे!

लातूर नवा जिल्हा झाला त्या साली कांबळे गुरुजी आमच्या गल्लीत राहायला आले. अर्धी गल्ली त्यांच्याच हाताखाली शिकली. आता वय ऐंशीच्या पुढं, जुना दमा, कानही अधू. समोरच्याचे ओठ बघून बोलणं ओळखायचे. डॉक्टरांनी बजावलं होतं, "यांना कोरोना झाला तर अवघड आहे." गल्लीनं तेव्हाच ठरवलं, काय वाट्टेल ते होवो, गुरुजींच्या उंबऱ्याच्या आत कोरोना जाऊ द्यायचा नाही!

*

मेडिकलमधले मास्क संपले. शिवणकाम करणारी शांताबाई म्हणाली, "कपडा द्या, मी शिवते."

घरोघरी कपाटातून ओटीत आलेले ब्लाऊजपीस निघाले. ते कुणी शिवत नाही, पुढच्या हळदीकुंकवाला पुढं सरकवतात. मी दिलेला जांभळ्या ठिपक्यांचा पीस तर सात वर्षं गल्लीत फिरत होता. शेवटी तो कुणाच्या तोंडावर आला? माझ्याच नवऱ्याच्या!

"लई शोभून राहिला," शांताबाई म्हणाली. "तुमचीच आवड हाय!"

*

टँकर आला की गर्दी होईल म्हणून महापालिकेचा माणूस चुन्याचे गोल आखायला आला. बघतो तर काय, घागरी दोन-दोन हातांवर रांगेत उभ्या अन् माणसं मास्क लावून आपापल्या दारात! ज्या दुष्काळात लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या दुष्काळापासूनची आमची रीतच ती. नंबराला माणूस नाही, घागर उभी राहते.

"तुम्हाला हे कुणी शिकवलं हो?" त्यानं विचारलं.

"दुष्काळानं!" शांताबाई म्हणाली.

चुना तसाच परत गेला.

*

पण खरी अडचण वेगळीच. गुरुजींना ऐकू येत नाही, म्हणून त्यांच्याशी बोलताना जो तो मास्क खाली ओढायचा. मीसुद्धा! त्यांची सून एकदा कडाडलीच, "काकू, जिथं घालायचा तिथंच काढून राहिल्या की!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी नातवाची पाटी घेऊन गेले अन् गल्लीतल्या सगळ्या बातम्या लिहून दाखवल्या. गुरुजींनी मन लावून वाचल्या.

"बातम्या चांगल्या. अक्षर वाईट. दहापैकी चार!"

आठवडाभरात घरोघरी पाटी आली.

*

दिगंबरचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. पन्नाशीचा गडी, गुरुजींचा जुना विद्यार्थी. रोज सकाळी त्यांच्या ओट्यावर येऊन वाद घालायचा.

"मास्कनं कायबी होत न्हाई! मच्छरदाणीनं धुरळा अडतो का?"

गुरुजी म्हणाले, "सगळा नसेल अडत. निम्मा अडला तरी माझ्या दम्याला पुरे. घालून ये, नाहीतर पायरी चढू नको."

पुटपुटत का होईना, घातला त्यानं. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसून पाटीवर मास्कलाच शिव्या लिहायचा!

अन् एक दिवस दिगंबरलाच ताप भरला. पॉझिटिव्ह! त्याला वसतिगृहातल्या कोविड सेंटरला नेलं. डबा आमच्या घरून जायचा. आदल्या दिवसापर्यंत तो गुरुजींसमोर तासतासभर बसलेला. गुरुजींची तपासणी झाली. रिपोर्टला दोन दिवस लागले. ते दोन दिवस खिडकीतून गुरुजींचा श्वास ऐकत आम्ही बसलो.

रिपोर्ट निगेटिव्ह आला!

डॉक्टर म्हणाले, "एकट्या मास्कचं श्रेय नाही. उघडा ओटा होता, अंतर होतं. पण मास्क होता, हे फार बरं झालं."

मी लगेच दिगंबरला फोन लावला. "गुरुजी निगेटिव्ह आहेत रे!"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"ऐकलंस का?"

"हाव." मग म्हणाला, "वैनी, गुरुजींला सांगा, मास्कनं कायबी होत न्हाई. मी अजून मानत न्हाई!"

"बरं, सांगते."

"अन् डब्यासोबत एक कोरडा मास्क पाठवा. हा पार भिजला."