माऊस बंद पडला तेव्हा

त्या बाईंचं नाव मी विचारलंच नाही, याची रुखरुख अजून आहे.

महाडच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये बसून मी आमच्या शाळेतल्या दहावीच्या मुलांची यादी टाइप करत होतो. बोर्डाच्या परीक्षेसाठी ती त्याच दिवशी बोर्डाकडे पोचायला हवी होती. शेवटचं नाव झालं आणि माऊस बंद पडला. यादी सेव्ह केलेली नव्हती. क्लासचे मालक पोलादपूरला गेलेले. घाबरून मी कॉम्प्युटर बंद करायला हात पुढे केला.

"बंद करू नका, सर!" शेजारच्या खुर्चीवरच्या बाई म्हणाल्या. चाळिशीच्या, दासगावकडच्या अंगणवाडीत शिकवणाऱ्या. "कंट्रोल धरून एस दाबा. नाव लिहा, एंटर मारा. आता यादी कुठं जात नाय. मग छापायला कंट्रोल आणि पी, परत एंटर."

मी कीबोर्ड त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले. "मी नाय दाबणार. तुम्हीच दाबा, म्हंजे ध्यानात राहील."

"तुम्ही हे कुठे शिकलात?" एकेक बटण दाबत मी विचारलं.

"इथंच. बिघडलेल्या माऊसचा कॉम्प्युटर कोण घेत नव्हतं, तो माझ्या वाट्याला आला. मग बटणंच पाठ केली. आता माऊसवाले मला विचारायला येतात!" सांगताना त्यांची मान ताठ झाली होती.

प्रिंटरमधून यादी बाहेर आली. सवयीने मी म्हणालो, "शाब्बास!"

त्या हसल्या. "सर, आज ते मी म्हणायचं." आणि खरंच म्हणाल्या, "शाब्बास!"

वीस वर्षं मी मुलांना शाब्बासकी देत होतो. ती मिळाल्यावर छाती कशी फुगते, हे मला त्या दिवशी कळलं.